कोंडवाड्याचा निकाल आणि तिसरीचा वर्ग

“नागपूरचं सर्टिफिकेट चालत नाही म्हणता?” बाबा ओरडून राहिले होते. “मंग नागपूरचा डॉक्टर कसा चालते तुम्हाले? नागपूरचं लुगडं चालते, नागपूरची सून चालते. दाढ दुखली का पहिल्या बसनं नागपूरले पळता, तवा नाही इचारत ते कोनत्या राज्यात हाय म्हणून!”

टेबलामागच्या बाबूनं पंख्याकडं पाहिलं आणि गालातल्या गालात जीभ फिरवली. त्याची दाढ नागपूरलाच काढलेली असणार, मी पैज लावायला तयार आहे.

बाबा रेल्वेत गँगमन. तिगाव स्टेशनच्या दोन्ही अंगांनी रूळ तपासत फिरायचे, आणि धडधडत येणाऱ्या मालगाडीवर आवाज चढवून बोलायची सवय त्यांच्या गळ्याला कायमची जडली होती. एकदा त्यांनी नुसतं “ए, थांब” म्हटलं आणि इटारसीकडून आलेली गाडी लाल झेंड्याशिवाय जागच्या जागी उभी राहिली, असं मी सांगत आलो आहे. काही लोक म्हणतात, गाडी आधीच उभी होती. असेल. पण जिल्ह्याच्या गावातल्या त्या शिक्षण कार्यालयाच्या छपरावरून त्या दिवशी जी कबुतरं उडाली, ती पुढं सहा महिने त्या छपरावर बसली नाहीत. हे मी येता-जाता मोजून पाहिलेलं आहे.

आवाज आतल्या खोलीत साहेबापर्यंत पोचला. चपराशी बाहेर आला. आदेश निघालेला आहे, निघालेल्या आदेशावर साहेब बोलत नसतात, असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. व्हरांड्यात आम्ही तिघं उरलो. बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण. नोकरी तिची गेली होती. तिनं सकाळपासून एक शब्द काढला नव्हता. तिच्या वाटणीचं सगळं बाबाच बोलून मोकळे झाले होते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही दोन होते आणि पगारपत्रकावर सही करणारी बाई एक. ती माझी बहीण. मावशीकडं नागपूरला दोन वर्षं राहून तिनं शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि हद्दीच्या अलीकडं, आमच्या हिंदी राज्यातल्या सौंसरजवळच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत लागली. तिसरीचा वर्ग. लहानथोर सगळे तिला बाई म्हणायचे. बाबासुद्धा घरात “बाई, पानी दे वं” म्हणायला लागले. तीन वर्षं झाली, आणि कोणीतरी निनावी अर्ज टाकला की हिचं ट्रेनिंग दुसऱ्या राज्यातलं आहे. दिवाळीनंतर हिंदीत एका ओळीचा कागद आला. आपकी सेवाएँ तत्काल प्रभाव से समाप्त की जाती हैं. ना नोटीस, ना विचारपूस. हेडमास्तरांनी तिच्याकडून हजेरीपट मागून घेतला, आणि घेताना त्यांनीच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी उठली, केस विंचरले, खळ दिलेलं पातळ नेसली आणि साडेदहाला अंगणात खुर्चीवर येऊन बसली. शाळेत जायचं नाही हे तिला माहीत होतं. पण अंगाला माहीत नव्हतं. असं ती रोज बसायला लागली. आई स्वयंपाकघरातून पाहायची आणि परत चुलीकडं वळायची.

मी तेव्हा सौंसरला एका वकिलाकडं मुन्शी होतो. आता मुन्शी म्हणजे काय, हे न कळणारे लोक म्हणतात, वकिलाची पिशवी उचलणारा. खरं म्हणजे वकील ही मुन्शीची काळ्या कोटातली सावली असते. अर्ज मी लिहायचो, तारखा मी लक्षात ठेवायचो, पेशकाराची, म्हणजे जजसमोर फाइली ठेवणाऱ्या कारकुनाची, मर्जी मी राखायचो. वकीलसाहेब फक्त बोलायचे. ते हडकुळे, हळू आवाजाचे, तोंडात सुपारी. सौंसरच्या बाहेर त्यांची संत्र्याची छोटी बाग होती, आणि खटल्यांपेक्षा झाडांवर त्यांचा जीव जास्त. मी त्यांच्याकडं दहा वर्षं काढली, आणि स्वतःला पाऊण वकील समजायला लागलो होतो.

वकीलसाहेबांच्या बैठकीची एक रीत होती. आमच्याकडं सगळीकडंच होती. तक्रार कोणाचीही असो, हकीकत घरातला मोठा माणूस सांगणार. सुनेला सासरी त्रास झाला तर सांगणार तिचा काका. विधवेची शेती दाबली तर सांगणार तिचा दीर, आणि बऱ्याचदा दाबणारा तोच असायचा. तसं बहिणीच्या अर्जाची हकीकत बाबांनी सांगितली. त्यांनी बोलावं, मी लिहावं, वकीलसाहेबांनी खोडावं. तीन तासांत बारा पानं झाली. मग बहिणीला घरून बोलावून घेतलं. तिनं प्रत्येक पानाखाली आपल्या शाळेतल्या गोल अक्षरात सही केली आणि ती परत गेली.

बाबांची एकच मागणी होती. जबलपूरच्या जजसाहेबांनी त्या साहेबाला खुर्चीवरून उचलून बाहेर फेकावं.

“भाऊ, तसं होत नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “हायकोर्ट भाजी चाखून पाहत नाही. खारट झाली का आळणी, ते साहेबाचं काम. भाजी निवडली होती का, धुतली होती का, ज्याच्या ताटात वाढायची त्याला विचारलं होतं का, तेवढंच ते पाहते.”

“अन् भाजी सडकी असंन तं?”

“सडकी भाजी बहुतेक न धुतलेलीच असते.”

बाबांना हे पटलं. म्हणजे जेवणाच्या भाषेत होतं म्हणून पटलं.

आता अर्जाला नजीर पाहिजे. नजीर म्हणजे असल्याच खटल्यात वरच्या कोर्टानं आधी काय म्हटलं, ते. ती मी आणली. तीही अशी की दगडालाही पाझर फुटावा. नागपूरला माझा एक मुन्शी दोस्त होता, त्याच्याकडं जाऊन दोनच वर्षांपूर्वीचा नागपूरचा निकाल टाइप करून आणला. त्यात मास्तरीण होती, एका ओळीचा आदेश होता, न विचारता काढून टाकणं होतं. फक्त शाळा दुसरी. मी तो कागद छातीशी धरून बसमधून आलो आणि उतरल्या उतरल्या चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं की बाई महिन्याभरात शाळेत. टपरीवाल्यानं त्या आनंदात मला उधारीची आठवण दिली नाही, यावरून निकालाचं वजन ओळखा.

जबलपूरला आम्ही तिघं निघालो. बाबांचा रेल्वेचा पास, वकीलसाहेबांचा काळा कोट आणि माझी पिशवी. बहीण यायची नव्हती. कोर्टात बाईमाणसाचं काय काम, असं बाबा म्हणाले आणि मी मान हलवली. पांढुर्ण्याहून गाडी, इटारसीला बदलायची, आणि तिथून पुढं रात्रभर. बाबा खिडकीला बसून प्रत्येक पुलाला नावं ठेवत होते. कोणत्या रुळाचा नट ढिला आहे, ते आवाजावरून सांगत होते. माझ्या अंदाजानं त्या प्रवासात त्यांनी अर्धी मध्य रेल्वे नापास केली.

कोर्टात आमचा नंबर दुपारी लागला. दोन जज होते. वकीलसाहेबांनी नागपूरचा निकाल पुढं केला. सरकारी वकिलानं तो दोन बोटांत धरला, जणू शेजारणीचं धुणं चुकून आपल्या दोरीवर आलं आहे. इंग्रजीत तो जे बोलला, ते वकीलसाहेबांनी नंतर आम्हाला सांगितलं. निकाल उत्तम आहे, म्हणाला. पण आहे शेजारच्या राज्याच्या हायकोर्टाचा. आदरानं वाचावा, या कोर्टाला तो बांधत नाही. जजसाहेबांनी मान डोलावली. पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची पडली. सगळं मिळून आठ मिनिटं लागली. आम्हाला यायला वीस तास लागले होते.

बाबा बाहेरच्या पायऱ्यांवर बसले.

“नागपूर परकं,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि त्याचंच मला भ्या वाटलं. “दर दसऱ्याले आमी नागपूरले जातो. ते का परदेशात जाऊन येतो? इतके वर्सं झाले, कोनं सांगितलं नाही.”

मला त्यांच्याकडं पाहवेना. आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे लोक असेच. लग्नाची खरेदी नागपूरला, आजारपण नागपूरला, मेलेल्या माणसाची बातमीही नागपूरच्या पेपरात. राज्याची हद्द आमच्या डोक्यातून कधी गेलीच नव्हती. म्हणून नागपूरचा निकाल आणताना, तो कोणत्या राज्याचा, हे पाऊण वकिलाला सुचलं नाही. आणि पूर्ण वकिलालाही.

परत आल्यावर वकीलसाहेब तीन दिवस कोर्टाकडं फिरकले नाहीत. सुपारी सोडली. बागेत जाऊन बसत. चौथ्या दिवशी मला आणि बाबांना बोलावणं आलं. संत्र्याच्या कलमासाठी लावलेल्या जंबेरीच्या रोपांमध्ये ते उकिडवे बसलेले, हातात छोटा चाकू.

ते म्हणाले, राज्यं वेगळी व्हायच्या आधी आपला सगळा मुलूख एका प्रांतात होता आणि त्याचं हायकोर्ट नागपूरला बसायचं. वाटण्या झाल्या तेव्हा नागपूर शहर तिकडं गेलं. पण ते हायकोर्ट मोडलं नाही. कायद्याच्या नजरेत तेच कोर्ट उठून जबलपूरला आलं. तेव्हा नागपूरचा नवा निकाल परका, पण वाटणीआधीचा जुना निकाल हा जबलपूरचा स्वतःचाच शब्द.

“म्हणजे कोर्टाची बदली झाली,” बाबा म्हणाले.

“बदलीच म्हणा.”

“मंग बरोबर हाय. बदली झाली म्हणून जुनी सर्व्हिस तुटत नाही. रेल्वेत बी नाही तुटत.”

वकीलसाहेबांनी चाकू खाली ठेवला. हेच सिद्ध करायला शहाण्या लोकांनी साठ-साठ पानं लिहिली आहेत, म्हणाले.

तर असा जुना निकाल त्यांना आठवत होता. त्यांच्या तरुणपणी, ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या पांढुर्ण्याच्या म्हाताऱ्या वकिलांनी दाखवलेला. एका कोंडवाड्याचा ठेकेदार होता. मोकाट गुरं धरून ठेवायच्या त्या वाड्याचा त्याचा ठेका मोठ्या साहेबानं त्याला न विचारता रद्द केला. हायकोर्ट म्हणालं, आधी विचारा, मग काय ते करा.

बाबांचा चेहरा उतरला. “आमची बाई अन् कोंडवाडा?”

“भाऊ, हे पाहा.” वकीलसाहेबांनी एक फांदी वाकवली. “जुन्या झाडाचं संत्रं नवीन जागी आणायचं तर आपण काय करतो? अख्खं झाड उपटून आणतो का? पानं आणतो का? फांदीवरचा एक डोळा कापून आणतो, एवढुसा, आणि जंबेरीच्या खुंटावर भरतो. कोंडवाडा, म्हशी, ठेकेदार, ही त्या झाडाची पानं. ती तिथंच राहू द्या. ‘न विचारता कोणाचं काढू नये’, हा डोळा. तो बाईच्या खुंटावर भरायचा.”

“अन् लागला नाही तं?”

“कधी कधी नाही लागत. सरकारी वकील म्हणेल, खुंटच वेगळा आहे. तेच तर भांडण असते.”

तो निकाल छापलेल्या पुस्तकाचा प्रश्न उरला. म्हातारे वकील वारले होते. मुलगा कापसाच्या व्यापारात, त्याला छापील कागदात रस फक्त भावाच्या यादीपुरता. एप्रिलच्या उन्हात मी पांढुर्ण्याला त्यांच्या घरी गेलो. व्यापारी नव्हता, त्याची बायको होती. आणि तिच्याबरोबर मोहल्ल्यातल्या आठ बायका गच्चीवर पापड लाटत होत्या. गच्चीभर पांढऱ्या धोतरांवर उडदाचे पापड. मी सांगतो म्हणून नाही, पण तितके पापड एका जागी पुन्हा कोणी पाहिले नसतील. आभाळातून घारींना वाटलं असेल, पांढुर्ण्यावर खवले उगवले.

आणि वाऱ्यानं धोतरं उडू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर एकेक जाडजूड लाल पुस्तक.

मी गुडघ्यावर रांगत एकेका कोपऱ्यावर गेलो. उन्हानं पाठी पांढऱ्या झालेल्या, वर्ष वाचता येत नव्हतं. उघडून आत पाहावं लागे. बायका हसून राहिल्या होत्या. एकीनं विचारलं, मुन्शीबुवा, पापडावर केस लावता काय? अकराव्या कोपऱ्यावर तो सापडला. वाटणीआधीचा खंड, नागपूरचा, आणि बोटभर पानं उलटल्यावर कोंडवाडा. त्या पानावर लाटण्याच्या तेलाचा रुपयाएवढा डाग होता. त्या डागातून अक्षरं उलट जास्त ठसठशीत दिसत होती.

मी घरच्या बाईंना हात जोडले. पुस्तक न्यायला पाहिजे, म्हटलं. एका मास्तरणीची नोकरी आहे यात.

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. “न्या ना. पण हा कोपरा कोन धरणार?”

दगड शोधायला खालच्या पोराला पाठवलं, तो गेला तो गेलाच. तर पांढुर्ण्याच्या त्या गच्चीवर, एप्रिलच्या दुपारी, मी हायकोर्टाच्या निकालाच्या जागी बसलो. तासभर, कोपऱ्यावर. कावळे हाकले. मधे एकदा पापड उलटवायलाही लावले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड कायदेशीर काम.

इकडं घरी मात्र एक गंमत सुरू झाली होती. साडेदहाला बहीण अंगणात बसायची, आणि एक दिवस तिच्या वर्गातली तीन पोरं पाट्या घेऊन आली. गणित तपासून द्या म्हणाली. नव्या मास्तरला मराठी येत नव्हतं, तो हिंदीत हिशेब घालायचा. दुसऱ्या आठवड्यात नऊ आली. सुट्टी लागली तोवर अख्खी तिसरी आमच्या अंगणात. बाबा रुळावरून आले की पोरांच्या मधून उड्या मारत घरात शिरायचे. त्यांचा आवाज त्या दिवसांत जितका खाली आला, तितका कधी आला नव्हता. पाढे चालू असताना ते कुजबुजत भाकर मागायचे.

जुलैमध्ये आम्ही पुन्हा जबलपूरला गेलो. पिशवीत लाल खंड, कापडात बांधलेला. त्याला तेव्हाही उडदाचा वास येत होता.

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून गोटमार चालते. या काठाचे त्या काठावर दगड मारतात, त्या काठाचे या काठावर. ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण त्या दिवशी त्या कोर्टात दोन वकिलांमध्ये जे झालं, त्यापुढं गोटमार म्हणजे फुलं उधळणं. सरकारी वकील म्हणाला, जुना निकाल. वकीलसाहेब म्हणाले, याच कोर्टाचा. तो म्हणाला, तो ठेका होता, ही नोकरी आहे. हे म्हणाले, हातातून काढून घेतल्यावर दोन्ही हात रिकामेच. तो म्हणाला, कोंडवाडा कुठं आणि शाळा कुठं. तेव्हा माझ्या शेजारी बसलेले बाबा हळूच म्हणाले, तिसरीचा वर्ग यानं पाहिला नाही वाटते.

शेवटी सरकारी वकिलानं आपला हुकमी दगड काढला. समजा विचारलं असतं, म्हणाला, तरी काय फरक पडला असता? सर्टिफिकेट दुसऱ्या राज्याचं आहे ते आहे. तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतंच.

दोघांपैकी वयानं मोठे असलेले जज तोवर फक्त लिहून घेत होते. त्यांनी चष्मा काढला आणि हिंदीत विचारलं, म्हणजे आम्हा मागच्या बाकांवरच्यांनाही कळलं, “वो क्या कहती, ये आपको कैसे मालूम? पूछा था?”

सरकारी वकिलानं फाइल चाळली. फाइलीत ते कुठून असणार.

निकाल तिथंच सांगितला. आदेश रद्द. पण सर्टिफिकेट चालतं का नाही, यात कोर्ट पडणार नाही. ते खात्यानं ठरवावं. मात्र ठरवायच्या आधी शिक्षिकेला नोटीस द्यावी, समोर बसवावं आणि तिचं ऐकावं. तोपर्यंत ती नोकरीत.

बाहेर आल्यावर बाबांनी वकीलसाहेबांचा हात धरला. “जिंकलो का हरलो, ते एका शब्दात सांगा.”

“जिंकलो.”

“मंग साहेब पुन्हा काढू शकते, असं काऊन म्हणाले?”

“काढू शकतो. पण आता ऐकल्याशिवाय नाही. आणि ऐकल्यावर कारण लिहावं लागेल. भाऊ, बिनकारणाचा कागद एका ओळीत होतो. कारण लिहायला बसला की साहेबाला घाम येतो.”

बाबा इटारसीपर्यंत विचार करत होते. मी मात्र विचार वगैरे केला नाही. सौंसरच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत माझ्या तोंडी निकाल बराच वाढला होता. चहाच्या टपरीवर जजसाहेब खुर्चीवरून उभे राहिले. पानठेल्यावर त्यांनी सरकारी वकिलाला बाहेर जायला सांगितलं. मोहल्ल्यात पोचेस्तोवर ते स्वतः पांढुर्ण्याच्या गाडीत बसून यायला निघाले होते, त्यांना मीच अडवलं होतं. लोक गुलाल घेऊन आले. आईनं भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला हार घातला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

बहिणीनं निकालाची नक्कल घेतली, बसून चारही पानं वाचली. इंग्रजी होतं, तिनं डिक्शनरी काढली. मग विचारलं, “तारीख कोनती दिली ऐकाची?”

तिला वाटत होती ती भीती आम्हालाही होती. फक्त आम्ही ती गुलालाखाली दाबली होती. साहेब तोच. सर्टिफिकेट तेच. ऐकून घेऊन तो पुन्हा तेच लिहू शकत होता, फक्त या वेळी दोन पानं.

ऐकण्याची तारीख ऑगस्टमध्ये पडली. तोवर तिचं नाव हजेरीपटावर परत आलं, वर्ग मात्र मिळाला नाही. आम्ही तिघं पुन्हा त्या कार्यालयात. बाबूनं आम्हाला ओळखलं आणि उगीच उठून उभा राहिला. बाबांनी छाती भरून हवा घेतली, पण चपराशी म्हणाला, फक्त मॅडमनी आत यायचं, कोर्टाचा हुकूम आहे. बाबांची ती हवा तशीच हळूहळू बाहेर गेली. दार मात्र उघडंच राहिलं. साहेबालाच साक्षीदार हवे असतील. आम्ही उंबऱ्याशी उभे.

साहेबानं तिला खुर्ची दाखवली. हिंदीत विचारलं, आपलं ट्रेनिंग नागपूरचं. ते आपल्या राज्यात चालतं, याला काही आधार आहे?

“हो सर,” ती म्हणाली.

तिनं पर्स उघडली. त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला. म्हणाली, नोकरीचा अर्ज करायच्या आधीच मी याच कार्यालयाला पत्र लिहून विचारलं होतं, की नागपूरचं ट्रेनिंग इथल्या मराठी शाळांना चालेल का. चालेल, असं उत्तर आलं. हे ते उत्तर. खाली आधीच्या साहेबांची सही आहे, जावक नंबर आहे.

साहेबानं कागद वाचला. उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचला. बाबूला हाक मारली. बाबू जावक रजिस्टर घेऊन आला, बोट वरून खाली नेत नेत थांबला, आणि मान हलवली. मग तिची फाइल मागवली. तिच्यात, नेमणुकीच्या कागदामागं, याच पत्राची कार्बन कॉपी टाचलेली निघाली. तीन वर्षं ती तिथंच होती.

मी त्या साहेबाविषयी आजवर बरंच काही बोललो आहे. तेवढं एक मान्य करतो. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. तिथंच स्टेनोला बोलावून सांगितलं, प्रमाणपत्र मान्य, कारवाई समाप्त. तिला म्हणाला, सोमवारपासून नियमित वर्ग घ्या.

आम्ही बसस्टँडवर आलो. सौंसरची बस लागायची होती. बाबा तोंडातून आवाज न काढता रडून राहिले होते, गमछ्यानं नाक पुसत. आणि मला, का कोण जाणे, राग आला. डोळ्यासमोर सगळं यायला लागलं. ती बारा पानं. जबलपूरच्या दोन खेपा. पायऱ्यांवर बसलेले बाबा. तीन दिवस सुपारी सोडलेले वकीलसाहेब. पापडांच्या कोपऱ्यावरचा तो तास. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. जवळपास ओरडलोच, लोक पाहायला लागले इतका. एवढा कागद तुझ्या पेटीत होता, वं. पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवला असता तर यातलं काही करावं लागलं नसतं. बाबा होते, मी होतो, वकील होते. नऊ महिने तू बोलली काऊन नाही?

तिनं बसची पाटी वाचली, बस आपली नाही असं पाहून पर्स पुन्हा मांडीवर ठेवली.

“मले कोनं इचारलंच नाही,” ती म्हणाली.